पुंगळीवरची चकचकीत रेघ

ली-एनफिल्ड रायफलीचा बोल्ट मागे ओढावा आणि हातात पुंगळीचं नुसतं बूड यावं! उरलेली पितळी नळी चेंबरमध्येच अडकलेली. नेमबाज घाबरतो, हेडस्पेस बिघडलं असेल म्हणून रायफल घेऊन कारागिराकडे धावतो. कारागीर रायफलीला हात लावण्याआधी विचारतो, ‘ही पुंगळी कितव्यांदा भरली होती?’

बोल्टचा दर्शनी भाग आणि काडतूस पुढे जाऊन जिथे टेकतं ती जागा, यांतलं अंतर म्हणजे हेडस्पेस. ली-एनफिल्डच्या .303 काडतुसाला बुडाशी काठ असतो आणि ते त्या काठावर टेकतं. ली-एनफिल्डच्या नंबर 4 रायफलीत हे अंतर 0.064 ते 0.074 इंचांत बसावं लागतं. वाढलं तर बोल्टहेड, म्हणजे बोल्टचं पुढचं डोकं, बदलायचं. त्यावर 0 ते 3 आकडे असतात. आकडा मोठा, तसं डोकं लांब. पण आकड्यावर विसंबून चालत नाही, गेज घालावंच लागतं.

गंमत अशी, की गेजनं रायफल पास होते आणि पुंगळी तरीही तुटते.

याचं कारण पुढे, पुंगळी गळ्याकडे निमुळती होते त्या खांद्यापाशी असतं. काठ जागच्या जागी टेकलेला असला, तरी खांद्यापुढे मोकळी जागा उरते. दारू पेटली, की पुंगळीच्या पातळ भिंती फुगून चेंबरला घट्ट चिकटतात. बूड जाड, ते चिकटत नाही, मागे सरकून बोल्टवर आदळतं. या ओढाताणीत बुडाच्या किंचित वरचं पितळ ताणलं जातं, तर खांदा पुढची पोकळी भरून काढतो. नवी पुंगळी हे एकदा निभावून नेते. पण पुन्हा भरताना साच्यात घालून तिचा खांदा मागे रेटला, की पुढच्या बाराला तीच ओढाताण, आणि तीही त्याच जागी. ली-एनफिल्डच्या बोल्टची खिटी मागच्या बाजूला. बार होताना बोल्ट किंचित दबतो, त्यानं या ताणात भर पडते.

मग चेंबर इतकं ऐसपैस ठेवलंच कशाला? त्याचं उत्तर चिखलात आहे. कॅनडाच्या रॉस रायफलीचं चेंबर घट्ट होतं. 1915 च्या एप्रिलमध्ये, पहिल्या महायुद्धातल्या ईप्रच्या लढाईत ती अडकू लागली. सैनिकांनी बूट मारून बोल्ट उघडले. अखेर त्यांच्या हाती ली-एनफिल्ड आली. सैन्याला पुंगळी एकदाच वापरायची होती. पितळेची काळजी ही पुढच्या काळातल्या, घरी काडतुसं भरणाऱ्या हौशी नेमबाजांची.

म्हणून जाणकार भरणारा पूर्ण पुंगळी दाबत नाही, फक्त गळा आवळतो. खांदा त्या रायफलीच्या मापाचा झालेला असतो, तो तसाच राहू देतो. मात्र ती पुंगळी मग त्याच रायफलीची. दुसरीत ती बसेलच असं नाही. काही जण नव्या पुंगळीच्या काठापुढे बारीक रबरी कडं चढवतात. पहिल्या बाराला बूड बोल्टला टेकून राहतं आणि ताण कमी बसतो.

कारागीर आता उरलेल्या पुंगळ्या खिडकीच्या उजेडात फिरवून पाहतो. बुडाच्या वर एक फिकट, चकचकीत रेघ दिसली, की ती बाजूला. मग टोक वाकवलेली तार आत घालून भिंतीवरून हळूच ओढतो. दहांतल्या चारांत तार अडते. आत खाचच पडलेली. त्या चारही पुंगळ्यांची तोंडं तो पक्कडीनं चेपून टाकतो, पुन्हा कुणी भरू नयेत म्हणून. रायफल अजून कोपऱ्यात तशीच उभी असते.