कोलारची खाण आणि न्यूट्रिनो

कर्नाटकातील कोलार सुवर्णक्षेत्र, म्हणजे के.जी.एफ., आज पुष्कळांना ठाऊक असते ते एका चित्रपटामुळे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्याची ओळख वेगळ्या कारणाने असायला हवी. वैश्विक किरणांमुळे वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या जगातील पहिल्या नोंदी १९६५ मध्ये दोन खोल सोन्याच्या खाणींत झाल्या. एक दक्षिण आफ्रिकेतील, दुसरी ही.

१८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने येथे पाय रोवले. १९०२ मध्ये कावेरीवरील शिवनसमुद्रहून सुमारे दीडशे किलोमीटर तारा ओढून खाणीसाठी वीज आणली गेली. बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागले ते त्यानंतर. साहेबांसाठी बंगले, क्लब आणि गोल्फचे मैदान होते. तमिळ मुलखातून आलेल्या, बहुतांश दलित, कामगारांची कुटुंबे कंपनीच्या ‘लाइनीं’मधल्या चिंचोळ्या खोल्यांत राहत. सोन्याची शीर खाली जाईल तशी माणसेही खाली गेली. चॅम्पियन रीफ खाण ३ किलोमीटरहून खोल झाली. तेथील उष्णता असह्य होती, आणि दाबाखालचा खडक अवचित फुटे. त्या फुटण्याने अनेकांचे बळी घेतले.

हाच खडक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेला हवा होता. होमी भाभांच्या सूचनेवरून बी. व्ही. श्रीकांतन १९५१ मध्ये प्रथम येथे आले. जमिनीवर वैश्विक किरणांतील म्यूऑनांचा वर्षाव इतका असतो की त्यात न्यूट्रिनोची चाहूल लागणे अशक्य. खोल गेल्यास वरचा खडक बहुतेक सर्व म्यूऑन अडवतो. न्यूट्रिनो मात्र अख्खी पृथ्वी सहज ओलांडतो. क्वचित एखादा खडकातील अणुकेंद्रकावर आदळून म्यूऑन निर्माण करतो. असा म्यूऑन आडव्या दिशेने किंवा खालून आला, तर त्याचे मूळ न्यूट्रिनोतच असणार. सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर जपानच्या ओसाका सिटी आणि ब्रिटनच्या डरहॅम विद्यापीठांसह बसवलेल्या उपकरणांनी नेमके हेच टिपले. पुढे १९८० च्या दशकात १४० टनांचा लोखंडी शोधक प्रोटॉनचा क्षय शोधत राहिला. त्याने सुचवलेल्या घटनांना इतरत्र दुजोरा मिळाला नाही.

इतकी खोली कोणत्याही विज्ञानसंस्थेला स्वतः खणणे परवडले नसते. ती सोन्यासाठी, मजुरांच्या हातांनी, आधीच खणली गेली होती. शोधनिबंधांवर त्यांची नावे येण्याचा प्रश्नच नव्हता. सोने परवडेनासे झाले तेव्हा प्रयोग थांबले, आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणही. पंप बंद पडले, बोगदे पाण्याने भरले.

कॅनडातील सडबरीजवळच्या क्रायटन या निकेलच्या खाणीचे नशीब निराळे. तिचीही कंपनीने वसवलेली वस्ती १९८० च्या दशकात उठवण्यात आली. पण खाण चालू राहिली आणि तिच्यात २ किलोमीटर खोल उभारलेल्या प्रयोगशाळेतील कामासाठी आर्थर मॅकडोनाल्ड यांना २०१५ चे नोबेल मिळाले. भारतात तमिळनाडूतील बोडी टेकड्यांत योजलेली न्यूट्रिनो वेधशाळा स्थानिक विरोधात आणि न्यायालयांत अडकली आहे. त्या विरोधाला केवळ अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी एकदा के.जी.एफ. पाहून यावे. सायनाइडने सोने काढून उरलेल्या मातीचे डोंगर तेथे अजून उभे आहेत. वारा सुटला की ती धूळ लाइनींतल्या घरांत शिरते, आणि खाणकामगारांची मुले पहाटेच्या गाडीने बंगळूरला कामावर जातात.