कॅम्प नंबर चारमधली शेजारीण

उल्हासनगर म्हटलं की आमच्या सातारा-सांगलीकडच्या माणसांना हटकून एक विनोद आठवतो. 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! मीही तो पुष्कळदा ऐकला आणि सुरुवातीला हसलेही. पण त्या गावात मी तेहतीस वर्षं राहिले, तेव्हा त्या माणसांबद्दल चार शब्द लिहिणं माझ्याकडे लागतंच.

मी मूळची तासगावची. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातून मराठी घेऊन बी.ए. झाले. १९७५ साली लग्न होऊन उल्हासनगरला आले, कारण यांची नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात होती आणि परवडेल असं भाडं कॅम्प नंबर चारमध्येच मिळालं. स्टेशनचं नाव विठ्ठलवाडी, म्हणून आईला जरा धीर आला. पण बाहेर पडून पाहते तो काय, दुकानांच्या पाट्यांवर उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी, आणि कानावर एकही ओळखीचा शब्द नाही. आपण महाराष्ट्रातच आहोत ना, असं वाटलं.

या गावाला कॅम्प का म्हणतात ते नंतर कळलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथं लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने त्या रिकाम्या बराकींत ठेवलं. लाखाच्या घरात माणसं! ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या नगराची पायाभरणी झाली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्याचं नाव पडलं. तरी लोकांच्या तोंडी अजून कॅम्प एक, कॅम्प दोन असंच आहे.

आमच्या शेजारी एक अम्मा राहायच्या. शिकारपूरच्या. कराचीहून बोटीने मुंबईला आल्या तेव्हा कडेवर एक मूल होतं आणि हातात एक पत्र्याची पेटी. बराकीत एकेका कुटुंबाच्या वाट्याला जेमतेम खोलीएवढी जागा, मध्ये गोणपाटाचे पडदे. यजमान लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकायचे आणि अम्मा घरी पापड लाटायच्या. "टीचर, मांगा किसीसे नहीं," हे वाक्य त्या फार सावकाश म्हणत. आपल्याला कुणी शरणार्थी म्हटलेलं त्यांना खपत नसे. पुरुषार्थी म्हणा, म्हणायच्या.

दारात कुणीही आलं की आधी पापड आणि पाणी पुढे येई. त्यांची कांदा घातलेली जाड कोकी आणि आमची भाकरी यांची देवघेव सुरू झाली ती कायमची. मी थोडं सिंधी शिकायचा प्रयत्न केला. पण ग, ज, ड, ब यांचे त्यांच्याकडे आणखी एकेक प्रकार आहेत, आवाज आत ओढून काढायचे. देवनागरीत लिहिताना त्या अक्षरांखाली रेघ देतात. माझा उच्चार ऐकून अम्मा पदर तोंडाला लावून हसायच्या. मराठीची शिक्षिका आणि चार अक्षरांत नापास!

अम्मांचे भाऊ कच्छमध्ये आदिपूरला स्थायिक झाले होते. त्यांची पत्रं यायची, अर्थातच बावन्न अक्षरांच्या अरबी वळणाच्या सिंधी लिपीत. अम्मा ती पुन्हा पुन्हा वाचायच्या आणि पेटीत ठेवायच्या. मुलगा अडखळत वाचायचा. नातवाला मात्र ती नुसती नक्षी वाटायची. हा नातू माझ्याकडे मराठीच्या शिकवणीला येई. हुशार पोरगा, दहावीला मराठीत उत्तम गुण मिळवले. पण त्याच्या वेळेपर्यंत सिंधी माध्यमाच्या वर्गांतली मुलं भराभर कमी होत चालली होती. पालक म्हणत, धंदा हिंदीत होतो, नोकरी इंग्रजीत मिळते, मग सिंधी कशाला?

त्यात चूक कुणाची म्हणायची? पंजाब आणि बंगाल यांची फाळणी झाली, तरी दोन्हींचा एकेक तुकडा इकडे राहिला. तिथल्या शाळा आणि कचेऱ्या त्या भाषेच्या राहिल्या. सिंध मात्र अख्खाच पलीकडे गेला. १९६७ साली सिंधीचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला, पण पायाखाली राज्य नव्हतं. शिवाय लिपी अरबी की देवनागरी, हा वाद घरचाच! राष्ट्रगीतात 'सिंध' आहे, भारताच्या नकाशात नाही.

माझा भाचा कॅलिफोर्नियात वेस्टमिन्स्टरजवळ राहतो. १९७५ साली सायगाव पडल्यावर देश सोडून आलेल्या व्हिएतनामी लोकांनी तो भाग वसवला. त्याला 'लिटल सायगाव' म्हणतात. भाचा सांगतो, पाट्या व्हिएतनामी, दवाखाने व्हिएतनामी, आणि आता अस्तित्वात नसलेल्या त्यांच्या देशाचा पिवळा झेंडा तीन तांबड्या पट्ट्यांसह अजून फडकतो. ऐकताना मला कॅम्प नंबर चारच आठवत राहिला. पण एक गोष्ट त्यांनी निराळी केली. नातवंडं इंग्रजीच बोलतात हे पाहून २०१५ साली तिथल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत इंग्रजी आणि व्हिएतनामी अशा दोन्ही भाषांतून शिकवणारा वर्ग सुरू झाला. अमेरिकेत, बरं का!

आपल्याकडेही लांब जायला नको. सांगलीकडची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातात. तीही सिंधी निर्वासितांचीच वसाहत. त्याआधी, १९४३ ते १९४८ या काळात, त्याच वळिवडे छावणीत पाचेक हजार पोलिश निर्वासित राहत होते. एकाच जागेने दोन देशांची बेघर माणसं सांभाळली. आपण मात्र शालू आणि टॉवेल-टोपीचा भाव करून परत येतो.

अम्मा १९९८ साली गेल्या. आम्ही २००८ ला साताऱ्यात येऊन राहिलो. परवाच्या दिवाळीत त्यांच्या नातवाचा फोन आला. आता तोही पंचेचाळिशीचा. वडील वारले, पेटी त्याच्याकडे आली. "टीचर, ही पत्रं वाचणारं कुणी माहीत आहे का?" मला कुठून माहीत असणार? अखेर पिंपरीच्या सिंधी वसाहतीत त्याला एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांनी दुपारभर बसून पत्रं वाचून दाखवली. काय होतं त्यांत? गव्हाचा भाव, गळकं छप्पर, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं ते. आणि जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी, शिकारपूरच्या घराची किल्ली जपून ठेव. ती किल्ली पेटीच्या तळाशी होती. आजवर घरात कुणालाच ती कशाची ते कळलं नव्हतं.

हे ऐकल्यापासून मी माझ्या नातवाकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहते. तो पुण्यात इंग्रजी शाळेत जातो. मराठी छान बोलतो, पण वाचायला दिलं की "आजी, तूच वाच ना!" त्याला राज्य आहे, सरकार आहे, ग्रंथालयं आहेत. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. पण माझं पत्र त्याला वाचता येईल की नाही, हे यांतलं कुणी ठरवणार नाही. ते आमच्या घरातच ठरायचं आहे.

म्हणून गेल्या जानेवारीपासून मी त्याला दर पंधरवड्याला पोस्टकार्ड पाठवते. मोठ्या अक्षरात, चारच ओळी. अजिंक्यताऱ्यावर धुकं होतं, मांजरीला पिल्लं झाली, असलं काहीतरी. फोनवर मजकूर सांगायचा नाही, हा नियम. पिल्लं किती, ते मुद्दाम कार्डातच लिहिलं होतं. त्याला दोन दिवस लागले, पण आकडा बरोबर सांगितला.

नातेवाईक मंडळींनो, तुमच्याही घरी पोरं आहेत. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं.