गल्लीतले डॉक्टर की लंकेवरचे?

मुलीच्या दातांना तार लावायचं ठरलं, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांत जास्त चर्चा झाली ती जायचं कोणाकडे यावर. काशीत दुर्गाघाट, ब्रह्माघाटाच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरं अजून आहेत, आणि आमच्या ओळखीतल्या बहुतेकांचे दातांचे डॉक्टर एकच. सासूबाईंची कवळी त्यांनी केली, माझं रूट कॅनाल त्यांनी केलं, पानाने लाल झालेले अर्ध्या गल्लीचे दात तेच साफ करतात. त्यांना सोडून लंकेवर (बीएचयूच्या सिंहद्वारासमोरची लंका, रावणाची नव्हे) नव्या डॉक्टरकडे जायचं, म्हणजे सासूबाईंच्या मते शुद्ध कृतघ्नपणा.

लेक बारा वर्षांची. वरच्या दोन्ही सुळ्यांना ओळीत जागाच मिळाली नाही, म्हणून ते वर हिरडीपाशी चढून बसलेले. हसताना ती तोंडावर हात धरायला लागली होती. गल्लीतल्या डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं आणि तार बसवून देतो म्हणाले. खर्च कमी, घरापासून पाच मिनिटांवर. मी विचारलं, एवढे मोठे सुळे खाली आले तर बसणार कुठे? ते म्हणाले, तार लावली की जागा होईल तसं बघू.

त्या ‘बघू’वर मी अडले.

बीडीएस म्हणजे इंटर्नशिप धरून पाच वर्षं. त्यानंतर फक्त दात आणि जबडे जागेवर आणण्याचंच शिक्षण आणखी तीन वर्षं घेतलं, की एमडीएस होऊन ऑर्थोडॉन्टिस्ट. तारा बीडीएस डॉक्टरही लावतात. एखादाच दात किंचित फिरला असेल, तर त्यांच्याकडे काम छान होतंही. पण तार चिकटवणं हा यातला सोपा भाग आहे. दात हाडात रोवलेला असतो. त्याला हलका दाब दिला, की एका बाजूचं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवं तयार होतं. म्हणून तो सरकतो, महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर. जोर जास्त झाला तर मूळ झिजून आखूड होऊ शकतं. कोणता दात, कुठे, किती न्यायचा, आणि तो ओढताना मागच्या दाढा पुढे घसरू नयेत म्हणून काय करायचं, हे सगळं तार लागायच्या आधी ठरलेलं हवं.

लंकेवरच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्या दिवशी तार लावलीच नाही. पूर्ण तोंडाचा एक एक्स-रे, चेहऱ्याचा बाजूने एक. कणकेसारख्या लगद्यात दातांचा ठसा घेऊन त्यावरून पांढरं मॉडेल केलं. पुढच्या खेपेला त्या मॉडेलवर मोजून दाखवलं, की वर प्रत्येक बाजूला सुमारे 7 मिलिमीटर जागा कमी पडते. सुळ्यामागची उपदाढ साधारण तेवढीच रुंद असते. ती काढली तर सुळा खाली येऊन बसेल. खालीही गर्दी होतीच, म्हणजे एकूण चार दात काढायचे.

“किडलेला नाही, दुखत नाही, आणि चार चांगले दात उपटायचे?” सासूबाई कडाडल्या.

त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. या शाखेचा पाया घालणारे अमेरिकेतले एडवर्ड अँगल यांचंही हेच मत होतं. वेड्यावाकड्या दातांचं वर्गीकरण त्यांनी 1899 मध्ये मांडलं, आणि निरोगी दात काढायला त्यांचा कडक विरोध होता. पुढे त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड दात काढून उपचार करायला लागले, आणि तो वाद कितीतरी वर्षं चालला. आज सरसकट उत्तर कोणी देत नाही, मोजून ठरवतात. मॅडमनी बाजूचा एक्स-रे उजेडासमोर धरून समजावलं, की न काढता बसवले तर दात मावतील, पण पुढे झुकतील आणि ओठ मिटायला त्रास होईल. लेकीने एवढंच विचारलं, “काढले तर ओठ नीट मिटतील ना?” मग ती तयार झाली.

आणि चार दात काढले कोणी? गल्लीतल्याच डॉक्टरांनी! मॅडमनी स्वतःच सांगितलं, आधी किडलेल्या दाढेत सिमेंट भरून घ्या, हे दातही तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे काढा. चिठ्ठीवर दातांचे आकडे होते, 14, 24, 34, 44. डॉक्टरांनी चिठ्ठी दोनदा वाचली, तोंडात पाहून आकडे ताडले, मगच भुलीचं इंजेक्शन दिलं. दोन बाजूंचे दोन, दोन खेपांत. सासूबाई सोबत गेल्या होत्या, आणि तेव्हापासून लंकेचं नाव काढलं तरी त्या कुरकुरत नाहीत.

तुमच्या घरी हा विषय निघाला, तर दारावरच्या पाटीपेक्षा दोन-तीन गोष्टी तोंडाने विचारा. पुष्कळ साध्या दवाखान्यांत ऑर्थोडॉन्टिस्ट ठरलेल्या दिवशी येतात, त्यात वावगं काही नाही. पण योजना कोण आखणार आणि दर महिन्याला तार कोण बघणार, ते कळायला हवं. मधेच ते यायचे बंद झाले तर एक्स-रे आणि मॉडेल कोणाकडे राहणार? तार निघाल्यावर रिटेनर द्याल का, आणि तो किती वर्षं घालायचा? रिटेनरचा विषय समोरच्याने आपणहून काढला नाही, तर मी तरी तिथे थांबणार नाही, कारण दात जुन्या जागी परत जायला टपलेलेच असतात.

आता दर चार-पाच आठवड्यांनी मैदागिनहून ऑटो करून लंका. पुढची तारीख नेमकी सोमवारी पडली होती. इथला सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, आणि सावनातल्या सोमवारी मैदागिन ते गोदौलिया रस्ता कावडवाल्यांचाच असतो. लेकीने स्वतः फोन करून बुधवार मागून घेतला.