दीड महिना भरलेली वाडी

मंडणगड तालुक्यातल्या एका डोंगरउतारावर आमची बौद्धवाडी आहे. घरे तिसाच्या आसपास, त्यांतली निम्मी वर्षभर कुलुपात. उरलेल्या घरांतून आमच्यासारखी म्हातारी माणसे राहतात. कोणी गोदीतून, कोणी गिरणीतून, कोणी महापालिकेतून निवृत्त होऊन परतलेली. भीमजयंती होते, मुंबईच्या शाळांच्या परीक्षा आटोपतात आणि चाकरमान्यांची मुले येऊ लागतात. मग जूनच्या मध्यापर्यंत वाडी भरून जाते. विहाराच्या ओट्यावर क्रिकेट, अंगणात भांडणे आणि प्रत्येक घरात दोन म्हाताऱ्या जिवांची धावपळ!

मुले गावी मजा करायला येतात, असे लोक म्हणतात. मजा तर होतेच. पण खरे कारण वेगळे आहे. बाप पहारेकऱ्याच्या नोकरीत बारा तासांची पाळी करतो, आई सकाळी सातला कामाला बाहेर पडते. सुट्टी शाळेला असते, आईबापांना नसते. दहा बाय बाराच्या खोलीत ही मुले दीड महिना कोणाच्या भरवशावर ठेवायची? तेव्हा आठवण होते ती गावच्या घराची आणि आजी-आजोबांची. आम्ही दोघे पाच नातवंडे सांभाळतो, दोन लेकाची आणि तीन लेकीची. थोरली तेरा वर्षांची, धाकटा चार वर्षांचा.

मुंबईहून इकडे यायचे तर पनवेल, वडखळ, माणगाव करीत गाडी लोणेऱ्याला येते. तेथे बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. खिडकीतून ते मुलांना दाखवायचे, हा आमचा शिरस्ता. तेथून गोरेगाव आणि आंबेत. आंबेतला सावित्रीची खाडी ओलांडली की म्हाप्रळ, म्हणजे रत्नागिरी जिल्हा लागला. मग मंडणगडचा चढ. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना एस. टी. चे अर्धे तिकीट असते. मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धे तिकीट झाले, त्यामुळे आता सुना-लेकी मुलांना पोचवायला स्वतः येऊ शकतात. तरी एक दिवसाचा खाडा होतोच. संध्याकाळची परतीची गाडी धरून त्या निघतात आणि चार वर्षांचे पोर वळणापर्यंत गाडीमागे पाहत राहते. पहिल्या रात्री ते कोणाजवळ झोपणार, येथूनच आमचे काम सुरू होते.

या कामात सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे पाणी. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात घोटभर पाण्यासाठी रांग लागते, हे मुलांना खरे वाटत नाही. आम्ही त्यांना जांभ्या दगडाचा तुकडा हातात देतो. हा दगड भोकाभोकांचा. पाऊस त्यातून झिरपतो आणि उतारावरून समुद्राकडे निघून जातो. नळ आले, पण मूळ झराच आटला तर नळ काय करणार? मग वाडीखालची विहीर. एरवी आम्हां दोघांना दिवसाला तीन हंडे पुरतात, मुले आली की दहा लागतात. पहाटे पाचला नंबर लावायचा. आमच्या घरी एक नियम आहे. मुलगा असो की मुलगी, ज्याला पेलेल तेवढी कळशी ज्याने त्याने आणायची. अकरा वर्षांचा नातू पहिल्या वर्षी लाजला. "आजी, पाणी बायका आणतात ना?" असे विचारू लागला. आजी म्हणाली, "तहान काय फक्त बायकांना लागते?" आता तो सगळ्यांच्या आधी उठतो.

पाण्याच्या रांगेतच आम्ही त्यांना १९०१ सालच्या उन्हाळ्याची हकिकत सांगतो. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. आई वारलेली. रामजी सुभेदार खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते आणि साताऱ्याला मुलांना आत्या मीराबाई सांभाळीत होत्या. वडिलांनी सुट्टीत बोलावले म्हणून भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि भाचे नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरले. पत्र वेळेवर न पोचल्याने न्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच गाडीवान बैलगाडी देईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, मुलांनीच गाडी हाकायची या अटीवर प्रवास सुरू झाला. जवळ खायला होते, पण रात्रभर कोणी पाणी दिले नाही. ती मुलेही सुट्टीला निघालेली मुलेच होती. ही हकिकत ऐकली की आमची पोरे कळशीतले पाणी सांडू देत नाहीत.

या गोष्टीतून आम्ही आणखी एक अर्थ घेतो. आपल्या समाजात मुले एकट्या आईबापांनी कधी वाढवलीच नाहीत. बाबासाहेबांना आत्याने सांभाळले. शेजारच्या दापोली तालुक्यातले वणंद हे माता रमाईंचे माहेर. लहानपणीच आईवडील गेले, तेव्हा नातेवाईकच त्या भावंडांना मुंबईला घेऊन गेले. तेव्हा माणसे गावाकडून मुंबईला पोरे सांभाळायला नेत, आज मुंबईची पोरे गावाकडे येतात. वाट उलटी झाली, जबाबदारी तीच राहिली.

दर उन्हाळ्यात एक दिवस मुलांना आंबडव्याला नेतो. सुभेदारांचे हे मूळ गाव आमच्याच तालुक्यात. तेथील स्मारकात मुले आपसूक आवाज खाली आणतात. येताना करवंदे आणि जांभळे खाऊन सगळ्यांच्या जिभा निळ्या! घरी आल्यावर कोकमाचे सार, तांदळाची भाकरी आणि भाजलेला सुका बोंबील. दुपारी आजी त्यांच्याकडून आमसुले वाळत घालून घेते, फणसाच्या आठळ्या धुऊन पावसाळ्यासाठी ठेवून घेते. ही पावसाळ्याची बेगमी. मुलांना खेळ वाटतो, आमचे काम होते.

पण हा दीड महिना जोखमीचाही आहे, हे लिहिलेच पाहिजे. गेल्या वर्षी मे महिन्यात रात्री वीज गेली होती. आठ वर्षांच्या नातवाने पडवीतल्या लाकडांत गेलेला चेंडू काढायला हात घातला आणि किंचाळला. लाल विंचू! थोड्याच वेळात त्याला दरदरून घाम सुटला, हात गार पडले, उलटी झाली. वाडीतल्या एकानेही मंत्र घालणाऱ्याचे नाव काढले नाही, याचा आम्हांला अभिमान वाटतो. शेजारच्या पोराने रिक्षा काढली आणि तडक सरकारी दवाखाना गाठला. विंचवावरच्या उपचाराचा मार्ग आमच्या शेजारच्या महाडातच सापडला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि कोकणातली कितीतरी मुले वाचली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या नातवालाही तेच औषध मिळाले. रात्रभर आम्ही त्याच्या उशाशी बसून होतो. दुसऱ्याचे लेकरू आपल्या हवाली असणे म्हणजे काय, हे त्या रात्री कळले. फोनवर लेक विचारीत होती, "आई, मी निघू का?" सकाळी पोराने भाकरी मागितली, तेव्हा आजीला रडू आले.

तेव्हापासून मुलांना काही गोष्टी रोज बजावतो. बूट झटकून घालायचे, अंथरूण झटकून टाकायचे, लाकडांत, दगडांत हात घालायचा नाही, रात्री बॅटरीशिवाय अंगणात जायचे नाही. विंचू चावल्यावर घाम, उलटी, हातपाय गार ही लक्षणे दिसली तर घरी क्षणभरही थांबायचे नाही. वाचकांनीही हे ध्यानात ठेवावे.

आता दोन शब्द मुंबईकर मुला-सुनांसाठी. आम्ही मुले सांभाळतो ती आनंदाने, त्याचा मोबदला नको. पण म्हाताऱ्यांचे हातपाय फुकट असतात, असे समजू नका. पाच तोंडे दीड महिना जेवतात, त्यांचे तांदूळ, तेल, डाळ न मागता पाठवा. मुलांसोबत त्यांच्या औषधांची चिठ्ठी, लसीकरणाचे कार्ड आणि ओळखपत्राची प्रत द्या. अडीअडचणीला लागेल म्हणून रिक्षाभाड्यापुरते पैसे वेगळे ठेवा. आणि मुलांना न्यायला याल तेव्हा त्याच गाडीने परत फिरू नका. दोन रात्री राहा. पावसाआधी छपराची कौले परतायची असतात, ती आता आमच्याने होत नाहीत. पहाटे एकदा तुम्ही विहिरीवर जा आणि त्या दिवशी आईला सहा वाजेपर्यंत झोपू द्या.