राजे उशिराच येतात

घिवलीत डिसेंबर आधी नाकाला कळतो. किनाऱ्यावर वलांड्यांना बोंबील वाळायला टांगलेले असतात. सकाळचा गार वारा त्यांचा खारट, उग्र वास थेट अंगणात आणून सोडतो. त्याच वाऱ्यावर आमच्या स्वयंपाकघरातला नारळाच्या दुधाचा आणि तळणीचा वास उलट दिशेने निघतो. दोघांची गाठ कुंपणापाशी पडते. वसईच्या वाडीत वाढलेल्या माझ्यासारखीला इतकी वर्षं होऊनही या मिश्रणाची गंमत वाटते. वसईत नाताळाला केळीच्या बागेचा ओलसर वास असायचा, इथे त्याला समुद्र येऊन चिकटला आहे.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इकडचे झालो. शेजारच्या तारापूरच्या अणुशक्ती केंद्रातली पहिली दोन युनिटं १९६९ साली सुरू झाली. पुढे बोईसरला एमआयडीसीचे कारखाने वाढत गेले आणि या पट्ट्यातल्या घराघरात भिंतीवरच्या घड्याळापेक्षा ‘फर्स्ट, सेकंड, नाईट’ला जास्त मान मिळू लागला. अणुभट्टीला नाताळची सुट्टी नसते. त्यामुळे आमच्या घरात सगळी माणसं एकाच वेळी, एकाच ताटाभोवती बसतील अशी अपेक्षा कुणी करत नाही. ही अपेक्षा गेली आणि तिच्याबरोबर घरातली निम्मी चिडचिडही गेली.

माणसं मात्र भरपूर येतात. नांदाखालहून सासूबाई, दीर, जाऊ, नणंद आणि त्यांची पोरंटोरं. २०१३ मध्ये विरारची लोकल डहाणूपर्यंत धावू लागली तेव्हापासून ‘तुम्ही फार लांब राहता’ ही सबब कुणाकडेच उरलेली नाही. बोईसरला उतरायचं, रिक्षात पिशव्या कोंबायच्या आणि थेट दारात. पिशव्यांमध्ये सुकेळी असतात, आगाशीकडची. उन्हात सुकून मधासारखी झालेली ती राजेळी केळी पाहुण्यांच्या आधी पोरांच्या हाती लागतात.

एवढ्या गोतावळ्यात नाताळ ताण न घेता कसा होतो, असं ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात. त्यांच्या डोळ्यांसमोर २५ तारीख असते. सगळी धांदल त्या एका तारखेवर येऊन आदळते, असं त्यांना वाटतं. आमच्या चर्चचं पंचांग मुळात तसं नाहीच. नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळाचे. दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी. नाताळानंतरही सण उतरत नाही, तो तीन राजांच्या सणापर्यंत रेंगाळतो. ज्यांनी हे ठरवलं त्यांना घरसंसाराची बरीच जाण असावी. एवढा मोठा आनंद एका दिवसात बसत नाही, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं.

आमच्या सासूबाईंनी तर तो आणखी मागे ओढला आहे. त्यांचा नाताळ मे महिन्यात सुरू होतो. कडक उन्हात अंगणात मिरच्या, हळद, धणे पसरायचे. मग तीळ, खसखस, मोहरी, गहू एकेक करून भाजायचे, कुटायचे आणि तपकिरी काचेच्या बिअरच्या बाटल्यांत दाबून दाबून भरायचे. उजेड लागला तर रंग उडतो, म्हणून तपकिरी बाटली. हा बाटली मसाला. डिसेंबरात इंद्याल या मांसाच्या रश्श्याला फोडणी पडते तेव्हा मे महिन्यातलं ते ऊन वर येतं. आयत्या वेळी करायचं असं मग फारच थोडं उरतं. घाईला वावच न ठेवण्याची ही जुन्या बायकांची पद्धत. तिचं शास्त्र त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

पोरांचं काम गोठ्याचं. इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने १२२३ च्या नाताळात गवत, बैल आणि गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला. आमच्या पोरांच्या गोठ्यात गाढव आहेच, पण शेजारी होडी आहे, माडाच्या झावळ्या आहेत, आणि काड्यापेटीच्या काड्यांची वलांडीसुद्धा आहे. तिच्यावर कागदाचे बोंबील. बेथलेहेमला समुद्र नाही, हे मोठ्या पुतणीने एकदा बजावून सांगितलं. धाकट्याने शांतपणे विचारलं, “मग बाळाला बघायला कोळी कसे येणार?” यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. होडी राहिली.

गोठ्याभोवतीच्या शेतासाठी नाचणी पेरतात. पसरट ताटलीत माती, वर रात्रभर भिजवलेली नाचणी, त्यावर ओलं फडकं. पहिले दोन दिवस काहीच दिसत नाही आणि पोरं दर तासाला फडकं उचलून पाहतात. मग पांढरे ठिपके फुटतात, ठिपक्यांचे धागे होतात आणि एका सकाळी सगळी ताटली पोपटी दिसते. उशिरा पेरली तर नाताळला शेत बोडकं राहतं. लवकर पेरली तर रोपं पिवळी पडून आडवी होतात. तिला घाई करता येत नाही, आपणच तिच्या चालीने चालायचं.

कुलकुलांची रात्र ठरलेली असते, ज्या दिवशी घरात सगळ्यात जास्त हात असतील ती. मैदा, अंडी, साखर, नारळाचं दूध. मळलेल्या गोळ्याच्या बोराएवढ्या गोळ्या करायच्या. काट्याच्या पाठीवर ठेवून अंगठ्याने दाबत खाली ओढायचं, की रेघांची शिंपली आपोआप गुंडाळत येते. काटे कमी पडले की नवे कोरे कंगवे निघतात. दिराची कुलकुलं दरवर्षी लठ्ठ होतात आणि तळताना आत कच्ची राहतात. ती वेगळ्या डब्यात जातात, त्या डब्यावर त्याचं नाव असतं. एकटीने हे काम करायला बसलं तर पाठ मोडेल. दहाजणांत ते काम राहतच नाही, गप्पा मारताना हाताला लावलेला चाळा होतो. बाहेरून आणलेल्या पाकिटात गोड मिळतं, पण ही रात्र मिळत नाही.

फराळाची ताटं आळीत फिरवायची असतात. आमच्या आळीत नाताळ आमच्याच घरात, त्यामुळे ताटं सगळीकडेच जातात. दिवाळीत आलेल्या ताटांची ती परतफेडही असते. पण डिसेंबर म्हणजे बहुतेक वेळा मार्गशीर्ष. शेजारच्या काकूंचे महालक्ष्मीचे गुरुवार असतात. म्हणून त्यांच्या ताटात बिनअंड्याच्या करंज्या, आणि ताट गुरुवार टाळून. शुक्रवारी काकू रिकामं ताट कधी आणत नाहीत. “बाय, ताजी मिळाली म्हणून आणली,” असं म्हणत कोळंबी ओट्यावर ठेवतात.

नाताळच्या दिवशी मिस्सेहून आल्यावर फुगे तळायला घेतात. पूर्वी त्यांचं पीठ ताडी घालून फुगवायचे, आता बहुतेकजण यीस्ट घालतात. मुठीतून पीठ दाबून अंगठ्याशी आलेला बुडबुडा तेलात सोडायचा, हे मात्र तसंच. जो ड्युटीवरून येईल त्याला गरम फुगे आणि इंद्याल. जेवण दुपारी बारापासून रात्री अकरापर्यंत चालू असतं, पण त्याला पंगत कुणी म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराला सुट्टी. अंगणात मडक्यात वालपापडी, कोनफळ, रताळी घालून वर पाला कोंबायचा, मडकं उपडं करून भोवती जाळ करायचा. उकडहंडी शिजेपर्यंत खुर्च्या टाकून बसण्याव्यतिरिक्त कुणाला काही काम नसतं.

गोठ्यातले तीन राजे मात्र २५ तारखेला गोठ्यात नसतात. पोरं त्यांना पुढच्या खोलीत टीव्हीच्या कपाटावर ठेवतात आणि रोज थोडं पुढे सरकवतात. फ्रीज, खिडकी, शिवणयंत्र अशा मुक्कामांनी ते जानेवारीत गोठ्यापाशी पोचतात. त्यांचा सण ६ जानेवारीचा. आता चर्चमध्ये तो जवळच्या रविवारी होतो. त्याच सुमारास ज्यांना सुट्टी मिळालेली नसते ते नातेवाईकही येतात, आणि दारातच ‘उशीर झाला’ म्हणून माफी मागू लागतात. सासूबाई त्यांना वाक्य पुरं करू देत नाहीत. “राजेपण उशिराच आले होते,” त्या म्हणतात, “आणि सोनं त्यांनीच आणलं. पिशवीत काय आहे ते दाखव.”