लिंबू-मिरची

१९७८ साली मी सायकल घेतली. पुणे तेव्हा सायकलींचे शहर म्हणवून घेत असे. आजीने माझ्याआधी सायकलीचीच दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या ओवाळून शेगडीत टाकल्या आणि हँडलला लिंबू व सात मिरच्या बांधल्या. "दर शनिवारी नवे बांधायचे," अशी ताकीदही दिली. मी शास्त्र शाखेचा विद्यार्थी! मित्र हसत, पण आजीपुढे कोणाचे काय चालणार?

एका शनिवारी दोरा बांधायला वाकलो, तर पुढच्या ब्रेकचे रबर पार झिजलेले. त्याच सकाळी आम्ही कात्रजच्या घाटात निघालो होतो.

"बघ, लिंबाने राखले," आजी म्हणाली.

"लिंबाने कसले? मी वाकून पाहिले म्हणून."

"अरे, मग तुला वाकवले कोणी?"

खंडेनवमीला कारागीर आपली हत्यारे पुसूनपासून पुजतो, तेव्हा मला हे आठवते.

आजी जाऊन फार वर्षे झाली. लिंबावर माझा विश्वास आजही नाही. तरी शनिवारी ते बांधतो, चाकांतली हवा चाचपतो, साखळीला तेल देतो, ब्रेक दाबतो. निघताना घंटी एकदा वाजवतो. "सावकाश जा रे," असे आतून कोणी म्हणत नाही. पण मी सावकाशच जातो.