पुढचा ॲक्सल

तर झालं असं, की ऐन पावसाळ्यात मुळशीकडच्या एका चिखलवाटेवर माझ्या थारचं पुढचं डावं चाक हवेत लटकलं आणि गरागरा फिरत बसलं. मागचं उजवंही तसंच. उरलेली दोन चाकं चिखलात ढिम्म! मागून एक जिप्सी आली (इंजिन माझ्याहून जवळपास निम्मं), त्याच खड्ड्यातून शांतपणे पलीकडे गेली आणि मग पट्टा लावून मला ओढून काढलं. जिप्सीवाला हात पुसत म्हणाला, "पुढे आयएफएस आहे ना? मग होणारच. सॉलिड ॲक्सल टाकून घे."

झालं. पुढचे तीन आठवडे माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. स्टँड-अप मीटिंगमध्येसुद्धा मी वहीवर लीफ स्प्रिंग काढत होतो.

ज्यांना गाडीतलं फक्त गाणी कशी लावायची एवढंच कळतं, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सॉलिड ॲक्सल म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारी एकच जाड नळी, तिच्यात डिफरन्शियलचा गोळा. बैलगाडीचा आस आठवा. एक चाक दगडावर चढलं की नळी तिरकी होते आणि दुसरं चाक आपोआप खाली दाबलं जातं, म्हणजे जमीन सोडत नाही. आयएफएसमध्ये प्रत्येक चाक स्वतंत्र. रस्त्यावर हे झकास, एका चाकाचा खड्डा दुसऱ्याला कळत नाही. पण गोळा चेसिसला टांगलेला असतो. स्प्रिंग दबली की चेसिसबरोबर तोही जमिनीकडे येतो, नेमका दगड खाली असताना. सॉलिडमध्ये गोळ्याखालची जागा टायर ठरवतो, ती बदलत नाही.

२०१० मध्ये थार आली तेव्हा महागड्या सीआरडीईला पुढे टॉर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन दिलं होतं आणि स्वस्तातल्या डीआयला जुनाच पाट्यांवरचा सरळ ॲक्सल. म्हणजे जास्त पैसे देणाऱ्यालाच नंतर सॉलिड ॲक्सलची स्वप्नं पडणार! माझी २०१३ ची सीआरडीई, सेकंडहँड.

गॅरेजवाल्या मिस्त्रींनी एस्टिमेट दिलं १ लाख ८५ हजार. जुन्या जीपचा ॲक्सल, पाटे, शॅकल, चेसिसला नवे हँगर वेल्ड करणं, स्टीअरिंगचे रॉड, मजुरी. पैसे होते. फक्त ते 'नोकरी गेली तर' या नावाच्या एफडीत होते. आमची टीम वर्षापूर्वी अकरा जणांची होती, आता सात जणांची आहे. असो.

ॲक्सल गॅरेजमागे पडलेला होता. मी विचारलं, "रेशो किती आहे?"

"बसतंय साहेब, काळजी करू नका."

आता इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि एक केटी एवढं करून 'बसतंय' वर कसं थांबणार? पुढचा आणि मागचा रेशो जुळला नाही, तर फोर बाय फोर टाकल्यावर पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरायला बघतात आणि मधले गिअर पिळवटतात. मग मी खडू मागितला. एक हब पोराला घट्ट धरायला लावला, दुसरा मोजून दोन फेऱ्या फिरवला आणि पिनियनच्या फेऱ्या मोजल्या. मग माझ्या गाडीचं मागचं एकच चाक जॅकवर उचलून तसंच केलं. फरक चक्क एक फेरीच्या वर!

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "क्राऊन-पिनियन बदलू. वीस-पंचवीस वाढतील." मग थोडं थांबून, "साहेब, खरं सांगा, फोर बाय फोर वर्षातनं किती वेळा टाकता?"

घरी येऊन डायरी काढली. (हो, मी डिझेल भरल्याची नोंद ठेवतो. हसा.) वर्षात ११,४०० किलोमीटर. त्यातले चिखल-दगडातले दिवस सहा, अंतर फार तर नव्वद किलोमीटर. बाकी सगळं कात्रज ते हिंजवडी आणि महिन्यातून दोनदा सातारा.

मग कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल वाचला. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळं होईल असा बदल गाडीत करता येत नाही. दंड बदलामागे पाच हजार, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. पाच हजारांना मी घाबरलो नाही, खोटं कशाला बोलू. पण विम्याच्या एजंटला विचारलं तर तो म्हणाला, "आरसीत नाही ते पॉलिसीत कसं येणार?" शिवाय २०२८ मध्ये पंधरा वर्षं भरतील, तेव्हा पासिंगला आरटीओसमोर हाच ॲक्सल न्यायचा.

तरीही माझं पंचाहत्तर टक्के 'हो'च होतं.

त्या रविवारी साताऱ्याला गेलो. बाबा एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. मी उत्साहात सगळं सांगितलं. ते म्हणाले, "यष्टीला पुढं सरळच आस असतो की. त्यात काय एवढं?" मला वाटलं, जिंकलो! मग चहाची बशी खाली ठेवून विचारलं, "वळणावर स्टीअरिंग सोडलं तर आपसूक सरळ येईल का रे?"

गप्प बसलो. ते येतं कॅस्टरमुळे, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं तो मागे किंचित कललेला असतो म्हणून. वेल्डिंग करताना हँगर थोडे चुकले की तो कल गेला. कॅस्टरचं विचारलं होतं तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, "पाट्याखाली पाचर मारू, बघू." चिखलात ताशी आठच्या वेगात 'बघू' चालतं. पण खंबाटकी उतरताना शेजारी बाबा बसलेले असतात, आणि त्यांना सवयीनं उजवा पाय दाबायची खोड आहे. तिथे ब्रेक नसतो.

सोमवारी मिस्त्रींना फोन करून नाही म्हणालो. ते काही रागावले नाहीत. त्यांच्याकडूनच सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट बदलून घेतले, त्याच मापाचे पण चांगल्या नक्षीचे टायर टाकले, एक बरा पट्टा आणि शॅकल घेतले. सगळे मिळून ४१ हजार. एफडी शाबूत.

फार शहाणपणाचं वाटलं वगैरे काही नाही. अजूनही रस्त्यात जुनी एमएम ५४० दिसली की आधी तिच्या पुढच्या चाकांमध्ये वाकून बघतो.

परवा पुन्हा त्याच वाटेवर गेलो. तो खड्डा या वेळी डावीकडून, कडेच्या दगडावर चाक ठेवून घेतला आणि पार झालो! दोनशे मीटर पुढे अडकलो. जिप्सी मागेच होती. त्यानं उतरून आधी गाडीखाली पाहिलं.

"अजून नाही टाकलास?"

"नाही," म्हटलं, "पण या वेळी पट्टा माझा घे."